कॉर्नहोलचे दोन दिवस, सहा गट, बारा लेन

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या सहलीत क्रिकेट आणि लंगडीच्या बरोबरीने आता कॉर्नहोलचे बोर्डही मांडले जातात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं त्याचीच आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार फूट लांब, दोन फूट रुंद असे दोन उतरते बोर्ड समोरासमोर ठेवायचे; अशी एक जोडी म्हणजे एक लेन. त्यांच्या पुढच्या कडांमध्ये २७ फूट अंतर. प्रत्येक बोर्डाच्या वरच्या बाजूला ६ इंच व्यासाचं भोक. खेळाडू आळीपाळीने दाणे भरलेल्या चार-चार कापडी बॅगा फेकतात. बॅग भोकात गेली तर ३ गुण, बोर्डावर राहिली तर १. दोघांच्या गुणांची वजाबाकी करायची आणि उरलेले गुण जास्तवाल्याला द्यायचे. आठ बॅगा फेकून झाल्या की एक राउंड होतो आणि २१ गुणांना सामना संपतो.

प्रश्न : आमच्या मंडळाने गेल्या उन्हाळ्यात खुली दुहेरी (२४ जोड्या), मिश्र दुहेरी (१६ जोड्या), खुली एकेरी (३२ खेळाडू), महिला एकेरी (१२), ज्येष्ठ (८) आणि मुलं (१०) अशी स्पर्धा ठेवली. लेन १२ होत्या. हिशेबाने संध्याकाळी पाचला संपायला हवं होतं, पण अंतिम सामना दिव्यांच्या उजेडात खेळवावा लागला. या वर्षी आणखी चार लेन भाड्याने घ्याव्यात का? (सिनसिनाटी, ओहायो)

लेन वाढवू नका, पैसे वाया जातील. उशीर लेन कमी पडल्याने झाला नाही, एकामागून एकच खेळता येणाऱ्या सामन्यांच्या रांगेमुळे झाला.

खुली एकेरी तुम्ही दुहेरी बाद पद्धतीने, म्हणजे दोनदा हरल्यावरच बाहेर या नियमाने खेळवली असणार. त्यात ३२ खेळाडूंचे ६२ सामने होतात आणि अंतिम सामना पुन्हा खेळवावा लागला तर ६३. एका सामन्याला २० मिनिटं आणि लेन बदलायला ५, असे २५ मिनिटांचे टप्पे धरले की ६३ ला १२ ने भागून सव्वादोन तासांच्या आत उत्तर येतं. बहुतेक आयोजक इथेच फसतात, कारण सगळे सामने एकाच वेळी खेळता येत नाहीत. पहिल्याच सामन्यात हरलेला खेळाडू पराभूत बाजूने, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या सामन्यांतून, अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि अंतिम सामना पुन्हा झाला, तर त्याला एकापाठोपाठ ११ सामने खेळावे लागतात. शंभर लेन असल्या तरी ही रांग २७५ मिनिटांची राहते. टप्प्यागणिक सामने असे पडतात: १६, १६, १२, ६, ४, ३, २ आणि पुढचे चार टप्पे एकेक. म्हणजे ६३ पैकी ४४ सामने पहिल्या तीन टप्प्यांत होतात आणि उरलेल्या १९ सामन्यांना आठ टप्पे लागतात. सुरुवातीचे १६ सामने १२ लेनवर मावत नाहीत, म्हणून आणखी एक टप्पा वाढतो आणि एकूण पाच तास लागतात. त्यातले शेवटचे जवळपास तीन तास तुमच्या निम्म्याहून जास्त लेन रिकाम्या असतात.

तेव्हा दोन गोष्टी करा. दुहेरी बाद पद्धत फक्त एका गटासाठी ठेवा आणि लेन जसजशा रिकाम्या होतील तसतसा पुढचा गट त्यांवर सुरू करा.

शनिवारी खुली दुहेरी आधी साखळी आणि मग साधी बाद अशी घ्या. २४ जोड्यांचे चार-चारचे सहा पूल, म्हणजे आपसांत प्रत्येकाशी खेळणारे उपगट, करा आणि प्रत्येक पूलला दोन लेन द्या. तीन टप्प्यांत सगळे ३६ साखळी सामने संपतात आणि एकही लेन रिकामी राहत नाही. प्रत्येक पूलमधल्या पहिल्या दोन जोड्या आणि तिसऱ्या आलेल्यांतल्या चार सर्वोत्तम अशा १६ जोड्या मुख्य बाद फेरीत जातील. राहिलेल्या ८ जोड्यांची वेगळी बाद फेरी लावा. चौथ्या टप्प्यात मुख्य फेरीचे ८ आणि दुसऱ्या फेरीचे ४ मिळून पुन्हा बरोबर १२ सामने होतात. एकूण सात टप्पे, म्हणजे तीन तासांच्या आत काम होतं आणि सर्वांत कच्च्या जोडीलाही चार सामने मिळतात. दुहेरी बाद पद्धतीत तिला दोनच मिळाले असते. दोन तास गाडी चालवून आलेल्या कुटुंबाला दोन सामन्यांत घरी पाठवणं आम्हाला मुळीच पटत नाही.

साडेनऊला सुरुवात केली तर पाचव्या टप्प्याला, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला सहा लेन मोकळ्या होतात. त्यांतल्या चारांवर मुलांचे पाच-पाचचे दोन पूल लावा. मुलांचा सामना सहा राउंडचा ठेवला की १५ मिनिटांचे पाच टप्पे आणि मग उपांत्य व अंतिम, असं सगळं एक वाजेपर्यंत आटोपतं. जेवण पाऊण तासाचं ठेवा. पावणेदोनला मिश्र दुहेरीचे चार पूल आठ लेनवर आणि ज्येष्ठांचे दोन पूल चार लेनवर एकदम सुरू करा. सव्वाचारला शनिवार संपतो.

रविवारी नऊला खुली एकेरी दुहेरी बाद पद्धतीने सुरू करा, कारण ज्यांना कस लावून खेळायचं आहे त्यांचा हाच गट. पावणेअकराच्या सुमाराला सहा लेन सुटतात, तिथे महिला एकेरीचे तीन पूल बसतात. खुल्या एकेरीत अजून टिकून असलेल्या महिला खेळाडूंचे साखळी सामने त्यांच्या पूलच्या शेवटच्या टप्प्याला ढकला. तीन पूलविजेत्या आणि एक सर्वोत्तम उपविजेती अशी उपांत्य फेरी होईल. महिला गट एकच्या आत आणि खुली एकेरी दोनला संपेल.

कागदावर जुळलेलं हे वेळापत्रक मैदानात तीन ठिकाणी मोडतं. पहिलं म्हणजे नोंदणी. भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची सोडत, आदल्या रात्री काढू नका. न आलेल्यांच्या जागी ऐनवेळी पुढे चाल द्यावी लागते आणि मानांकन कोलमडतं. हजेरी सुरुवातीच्या पाव तास आधी, म्हणजे शनिवारी सव्वानऊला, बंद करा, त्यानंतर भाग्यपत्रिका काढा आणि मग कितीही ओळखीचा माणूस उशिरा आला तरी नाव घालू नका. दुसरं, एकाच खेळाडूचं नाव एकाच वेळी चालणाऱ्या दोन गटांत असणं. वरच्या आखणीत मिश्र दुहेरी आणि ज्येष्ठ एकत्र आहेत, म्हणून आजी-आजोबांना दोन्हींपैकी एक निवडायला अर्जातच सांगा. तिसरं ठिकाण टेबलाचं. निकाल लिहिणारा आणि लेन पुकारणारा ही दोन वेगळी माणसं हवीत. जिंकलेल्या खेळाडूने दोन्ही बाजूंच्या सह्यांची चिठ्ठी स्वतः टेबलावर आणायची. पुकारताना चालू सामन्याबरोबर त्या लेनवरचा पुढचा सामनाही सांगायचा, म्हणजे माणसं चहाच्या रांगेतून वेळेवर परततात. स्कोअरहोलियोसारखं अॅप वापरत असाल तरी कागदी भाग्यपत्रिका भिंतीवर लावाच, कारण पार्कमध्ये नेटवर्कचा भरवसा नसतो.

जागेचंही बघून ठेवा. एका लेनला १० फूट रुंदी आणि ४५ फूट लांबी लागते. सहा-सहाच्या दोन रांगा केल्या तर ६० फूट रुंद आणि मधल्या १५ फुटांच्या वाटेसह १०५ फूट लांब मैदान हवं. लेन उत्तर-दक्षिण आखा. पूर्व-पश्चिम आखल्या तर सकाळी आणि संध्याकाळी एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांवर ऊन येतं. अंतर प्रत्येक वेळी टेपने मोजत बसण्यापेक्षा २७ फुटांची न ताणणारी दोरी दोन खुंट्यांना बांधून ठेवा. दोरी पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत लावायची. भोकापासून मोजणं ही नेहमीची चूक आहे. गवतावर बोर्ड मागे सरकतात, म्हणून मागच्या पायांना फरशीचा तुकडा किंवा वाळूची पिशवी लावा. २४ बोर्ड आणि ९६ बॅगा लागतातच, त्यावर दोन बोर्ड आणि बॅगांचे दोन संच जास्तीचे ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे हौशी गटात दरवर्षी तीच दोन-तीन माणसं उतरतात आणि बक्षीस नेतात. ती बाहेरच्या स्पर्धांत नियमित खेळतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण पुरावा काय दाखवायचा? (एडिसन, न्यू जर्सी)

पुरावा आकड्यात सापडतो. खेळाडू एका राउंडमध्ये सरासरी किती गुण फेकतो, याला या खेळात पीपीआर म्हणतात. हे गुण वजाबाकीच्या आधीचे धरायचे. दोन बॅगा भोकात, एक बोर्डावर, एक बाहेर गेली तर त्या राउंडचे ७ गुण, मग समोरच्याने कितीही केलेले असोत. चारही भोकात गेल्या तर १२, त्याच्या वर आकडा जात नाही. दहा राउंडमध्ये ६२ गुण झाले तर पीपीआर ६.२. एका सामन्यावरून ठरवू नका, निदान तीन सामने बघा.

आमच्या मते मंडळाच्या स्पर्धेला तीन पायऱ्या पुरतात: साडेचारच्या खाली हौशी, साडेचार ते सात मधला गट, सातच्या वर प्रगत. दुहेरीत दोघांची सरासरी काढा, पण जोडीतला एक जण आठच्या वर असेल तर सरासरी कितीही खाली आली तरी ती जोडी हौशी गटात घेऊ नका. असा एक खेळाडू आपल्या टोकाकडून अख्खा सामना ओढून नेतो. अमेरिकन कॉर्नहोल लीगच्या स्पर्धांत खेळणाऱ्यांचा पीपीआर लीगच्या अॅपमध्ये दिसतो. अर्जातच तो मागा.

साखळीत मुद्दाम हात आखडणारेही असतात. म्हणून अर्जावर एक ओळ छापा: साखळी फेरी संपेपर्यंत कोणाचाही गट बदलण्याचा अधिकार समितीला आहे. बाद फेरी सुरू झाल्यावर मात्र कोणाला हलवू नका, ते अन्यायाचं होतं. हौशी गटाला रोख बक्षीस देऊ नका. चषक किंवा बॅगांचा संच द्या. खालच्या गटात रोख रक्कम ठेवली की वरचे खेळाडू खाली यायला लागतात.

प्रश्न : सामन्यात तीन वाद झाले. (१) १९ वर असताना ४ गुण मिळाले आणि २३ झाले. काही जण म्हणाले, २१ च्या वर गेलं की मागे १५ वर यायचं. (२) बॅग बोर्डाच्या कडेवरून लोंबकळत गवताला टेकली होती. (३) समोरच्याच्या बॅगेच्या धक्क्याने आमची बॅग भोकात गेली. (नेपरव्हिल, इलिनॉय)

पहिला नियम घराच्या अंगणातला आहे. अमेरिकन कॉर्नहोल लीगच्या नियमांत २१ किंवा त्याहून जास्त झाले की जिंकलात, मागे येणं नाही आणि दोन गुणांची आघाडीही लागत नाही. फक्त राउंडमधल्या आठही बॅगा फेकून व्हायला हव्यात. दुसऱ्या वादातली बॅग बाद, गुण शून्य. जमिनीवर आपटून उडी मारून बोर्डावर आलेलीही बाद, आणि ती पुढच्या फेकीआधी उचलून टाकायची. तिसऱ्यात तुम्हाला पूर्ण ३ गुण; बॅग कोणाच्या धक्क्याने गेली हे बघायचं नसतं.

बहुतेक भांडणं बॅगा घाईने उचलल्यामुळे होतात. दोघांनी आकडा मोठ्याने बोलून मान्य केल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, एवढं आधी सांगून ठेवलं तर पंचांना फार काम राहत नाही. पुढच्या राउंडला ज्याने शेवटचे गुण घेतले तो आधी फेकतो. बरोबरी होऊन कोणालाच गुण मिळाले नाहीत, तर आधीच्या राउंडला ज्याने सुरुवात केली तोच पुन्हा सुरुवात करतो.

प्रश्न : सकाळी बॅगा छान घसरत होत्या, दुपारनंतर बोर्डावर चिकटून बसू लागल्या. कोणीतरी टाल्कम पावडर टाकली, त्यावरून वाद झाला. (ह्युस्टन, टेक्सास)

पावडर, मेण, सिलिकॉनचा फवारा यांतलं काहीही बोर्डावर टाकायचं नाही. ज्याने टाकलं त्याच्यापुरताच परिणाम राहत नाही, पुढच्या सगळ्या सामन्यांचा वेग बदलतो.

दोष हवेतल्या दमटपणाचा आहे. बॅगेचं कापड आणि बोर्डाचा पृष्ठभाग दोन्ही ओल धरतात, घर्षण वाढतं आणि बॅग पडली तिथेच थांबते. गल्फच्या किनाऱ्यावर हे होणारच. बोर्डांवर कापडी छत लावा. दर दोन सामन्यांनी कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा. पाण्याने पुसू नका. बॅगा बर्फाच्या कूलरवर ठेवायची सवय मोडा, तिथे त्या ओलावतात. संध्याकाळी दव पडायला लागलं की उरलेले सामने शेडखाली हलवा. रात्री बोर्ड बाहेर ठेवू नका; आत नेताना मध्ये चादर घालून समोरासमोर रचा, नाहीतर चरे पडतात.

खेळाडूंनी स्वतः करायची गोष्ट म्हणजे बॅगेची बाजू बदलणं. हल्लीच्या बॅगांना एक घसरती आणि एक रोखणारी बाजू असते. दमट हवेत घसरती बाजू खाली ठेवून फेकली की बराचसा फरक भरून निघतो. आयोजकांनी आदल्या दिवशी सगळे बोर्ड एकाच बॅगेने तपासावेत. २७ फुटांवरून सपाट फेकून बॅग किती घसरते ते बघा आणि सारख्या वेगाचे बोर्ड एका लेनला लावा. बॅग पडल्यावर टुणकन उडत असेल तर तो बोर्ड पातळ आहे किंवा खालची आडवी पट्टी सुटली आहे. असा बोर्ड मुलांच्या सरावाला द्या. एखाद्या लेनचा बोर्ड बदलायची वेळ आली तर दोन्ही टोकांचे मिळून बदला.

प्रश्न : मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी अंतर कमी करावं का? (केरी, नॉर्थ कॅरोलायना)

बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २१ फूट ठेवा. त्यांच्या हातून २७ फुटांवर बॅग पोचते, पण जोर लावावा लागल्याने ती उभी उडते आणि घसरवण्याचं तंत्र त्यांना सापडतच नाही. ज्येष्ठांचं अंतर कमी करू नका, बहुतेकांना ते अपमानासारखं वाटतं आणि त्याची गरजही नसते. त्यांना एकेरीत दर राउंडनंतर चालत पलीकडे जाणं नको होतं. म्हणून शक्य असेल तिथे ज्येष्ठांची दुहेरी घ्या. तिच्यात जोडीदार समोरासमोरच्या टोकांना उभे राहतात आणि कोणालाच चालावं लागत नाही. शेजारी खुर्ची आणि पाणी ठेवा.

प्रश्न : शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतो. माणसं विषम झाली तर? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

शेवटी उरलेल्याचा जोडीदार आधी निघालेल्या चिठ्ठ्यांतून पुन्हा एक चिठ्ठी काढून ठरवा. ज्याचं नाव दोनदा आलं तो दोन्ही जोड्यांत खेळेल. त्या दोन जोड्या भाग्यपत्रिकेच्या विरुद्ध अर्ध्यांत टाका, नाहीतर दुसऱ्याच टप्प्यात त्याला स्वतःशीच खेळावं लागेल.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत हा खेळ पाहिला. इथे सोसायटीतल्या मुलांसाठी बोर्ड आणि बॅगा बनवायच्या आहेत. मापं आणि सामान सांगाल का? (कोथरूड, पुणे)

आठ बाय चारच्या एका प्लायवूडमधून बरोबर चार बोर्ड निघतात, म्हणजे दोन लेन. प्लाय १८ मिमी घ्या. १२ मिमीही चालतं, पण त्याला मध्ये आधार दिला नाही तर बॅगा उडतात. करवतीच्या पात्यात दोन-तीन मिलिमीटर जातात, त्याने खेळाला फरक पडत नाही.

भोकाचा मध्य वरच्या कडेपासून ९ इंच आणि दोन्ही बाजूंपासून १२ इंच. व्यास ६ इंच. सुताराला जिगसॉने कापायला सांगा आणि कड पॉलिशपेपरने किंचित गोल करून घ्या. धारदार कड बॅगेचं कापड फाडते. खाली चारही बाजूंनी लाकडी रीप मारा आणि वरच्या कडेपासून साधारण २५ इंचांवर एक आडवी रीप द्या. भोकाखाली काहीही येता कामा नये. पुढची कड जमिनीपासून ३ इंच आणि मागची १२ इंच उंच हवी. मागचे पाय बोल्ट आणि विंग नटने बसवा, म्हणजे दुमडता येतात. पायांची खालची टोकं तिरपी कापा, नाहीतर बोर्ड टोकावर उभा राहून डुलतो.

पृष्ठभाग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून पाण्यात मिसळणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात द्या, दोन हातांमध्ये हलकं घासा. भोकाची आतली कड आणि बोर्डाची खालची बाजू यांनाही तेवढेच हात हवेत. तिथेच लोक कंटाळा करतात आणि पहिल्या पावसाळ्यात प्लाय त्याच कडेने फुगतं. शेवटच्या हातानंतर आठवडाभर खेळू नका. वरून सुकलेलं दिसलं तरी आतून मऊ असतं आणि बॅगा चिकटतात.

बॅगेसाठी जाड कॅनव्हासचे ७ इंची चौकोन कापा, अर्धा इंच शिलाईत जाऊन ६ इंचांची बॅग तयार होते. तीन बाजूंना दुहेरी शिलाई मारून उलटवा, भरा आणि चौथी बाजू बाहेरून शिवा. भरलेल्या बॅगेचं वजन ४५० ग्रॅमच्या आसपास हवं. प्रत्येक बॅग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि आठ बॅगांत पाच ग्रॅमहून जास्त फरक ठेवू नका. एका लेनला दोन रंगांच्या चार-चार बॅगा लागतात.

आत काय भरायचं? खेळाचं नाव मक्याच्या दाण्यांवरून पडलं आहे आणि ओहायोतल्या सिनसिनाटीकडे पूर्वी मकाच भरत असत. १८८३ साली हेलिगर द विंट याने अशा उतरत्या बोर्डाचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या बोर्डाला भोक चौकोनी होतं. पण पुण्याच्या हवेत मका भरू नका. त्याला कीड लागते, पावसाळ्यात बुरशी येते, दाण्यांचा भुगा कापडातून बाहेर येतो, आणि ओलावलेल्या बॅगेचं वजन वाढतं. प्लॅस्टिकचा गोल दाणा भरा. आजच्या स्पर्धांतल्या बॅगांतही तोच असतो, आणि अशी बॅग धुताही येते. बॅग ठासून भरू नका. तळहातावर ठेवली की ती दोन्ही बाजूंना लवली पाहिजे, कारण कडक बॅग बोर्डावर पडून घसरण्याऐवजी उडी मारते.